घड्याळ धरायला कोणीतरी

४ जून

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मानवजातीवर आजवर पुष्कळ अन्याय झाले. पण अर्धी दाढी झालेल्या पाहुण्याला फेसासकट चार मजले पळवण्याचा मान भाऊजींचाच. आग लागली म्हणून ओरडत आले, मी जिवाच्या आकांताने खाली पोचलो, तर फाटकापाशी तू गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ अडकवून उभी. वर सांगतेस काय, तर पाहुणा फारच संथ आहे! शाळेच्या शर्यतीतही माझी एवढी शोभा झाली नव्हती.

शिवाय प्रवासात प्रसंग आला तर असू दे म्हणून त्यांनी माझ्या पिशवीत दोर, शिट्टी आणि मलमपट्ट्या कोंबल्या, आणि जागा व्हावी म्हणून माझे सदरे काढून ठेवले. म्हणजे मी बुडणार नाही, भाजणार नाही. फक्त उघडा राहीन. त्या कोंबाकोंबीत तुझं घड्याळही इकडे आलंय. सध्या त्यावर वेळ मोजून अंडी उकडतो. कधी पाठवू?

लोभ आहेच, त्याला जिना उतरायला लावू नये.

तुझा,
धाकटा

११ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मुळीच पाठवू नकोस! घड्याळ नाही म्हणून ह्यांचा आगीचा सराव बंद आहे. किती वर्षांनी दूध उतू न जाता तापलं. नवं घ्यायला हे तयार नाहीत, नव्यावर विश्वास नाही म्हणतात.

तू हसतोस, पण हे सगळं काळजीपोटीच करतात रे. मागे परगावी मुक्कामाला होतो, तर अंधारात जिना सापडावा म्हणून डोळे मिटून भिंती चाचपत निघाले. हात पडला तो एका अनोळखी बाईंच्या खांद्यावर. मग खरीच पळापळ झाली.

मी एकदाच विचारलं होतं, की खरंच आग लागली आणि मी वर असले तर? म्हणाले, तू वर कशी असशील, तू तर फाटकापाशी असतेस. पिशवी उचलायची, गडबडीत चोर शिरू नये म्हणून दाराला बाहेरून कडी घालायची, आणि मागे फिरायचं नाही. सगळं ठरलेलं. डोकं आहे हो माणसाला.

लोभ ठेव, आणि घड्याळही ठेव.

तुझी,
ताई

२ जुलै

चि. मेहुण्यास,
अ. आ.

हिला दवाखान्यातून परस्पर तुझ्याकडे नेलंस, मला विचारलंही नाहीस. म्हणून वस्तुस्थिती कळवतो. खालच्या मजल्यावर आग लागली, जिन्यात धूर आला. मी पिशवी उचलली, कडी घातली, उतरलो. एकही चूक नाही. फाटकापाशी ही नव्हती, हे मात्र अनपेक्षित होतं. वरून दार बडवल्याचा आवाज येत होता. पण मागे न फिरण्याचा नियम मीच केलेला. मीच मोडला तर इतरांनी काय आदर्श घ्यावा? शेवटी तळमजल्यावरच्या शिंप्याने वर जाऊन कडी काढली, तीही तोंडाला ओला रुमाल न बांधता. अशा बेशिस्त माणसाचं सगळे कौतुक करताहेत.

खरं तर दोष तुझा. घड्याळ जागेवर असतं, तर ही खालीच असती.

धुराने गेलेला हिचा आवाज परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. हरकत नाही, घड्याळ धरायला आवाज लागत नाही. रविवारी सराव आहे. हिला आणि घड्याळाला, दोघांना लगेच धाडावे.

लोभ आहे, तो शिस्तीने वाढावा.

तुझा,
भाऊजी

५ जुलै

ति. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र ताईला वाचून दाखवलं. ‘हरकत नाही’ला तिने हात वर करून मला थांबवलं, आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग हसायला गेली. त्या हसण्याने उठलेला खोकला संध्याकाळपर्यंत बसला नाही.

आता तिला कुठलंही दार लावलेलं चालत नाही, न्हाणीघराचंही नाही. ती आत असली की मी बाहेर पाठ करून बसतो. चोर आला तर त्याला चहा देऊ, असं आम्ही ठरवलंय.

जायचंय का, असं मी तिला विचारलं. ती उठली. स्वयंपाकघरात गेली, अंड्यांच्या भांड्याशेजारचं घड्याळ उचललं, पदराने पुसलं, चिंधीत गुंडाळून माझ्या हातात दिलं.

तेच पाठवतोय. सोबत दोर, शिट्टी आणि मलमपट्ट्या. माझे सदरे राहू द्यात तिकडेच. घड्याळ चालू आहे, तपासून पाहिलंय. रविवारी फाटकापाशी तुम्हीच उभे राहा. वरून कोणी उतरायचं नाही, तेव्हा सावकाश मोजा.

तुमच्या एवढ्याच वस्तू आमच्याकडे होत्या. लोभ या पुडक्यात मावला नाही.

धाकटा