आई, मी पाल पाळली आहे

आई, आधी नीट टेकून बस, मग वाच. मी पाल पाळली आहे. भिंतीवरची नव्हे, तसल्या तर आपल्या मिरजगावच्या घरात होत्याच आणि माझ्या सावेडीच्या फ्लॅटमध्येही ट्यूबलाइटच्या मागं दोन आहेत. ही काचेच्या पेटीत राहते. हिला लपायला दोन गुहा आहेत, पाण्याची वाटी आहे, आणि पेटीच्या एका बाजूला खालून ऊब देणारी चटई आहे. ती चटई किती तापावी याचं कनेक्शन मी स्वतः केलं आहे, बत्तीस डिग्रीला आपोआप बंद होते. तुला हे कधी एकदा सांगतो असं झालंय. दुकानात दोन पंखे आणि एक पाण्याची मोटार उघडून ठेवली आहे, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे, आणि मी वहीचं मधलं पान फाडून तुला पालीबद्दल लिहितो आहे.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. पाल चुकचुकली की हातातलं काम टाकून तू जमिनीवर बोटं आपटायचीस, "कृष्ण कृष्ण" म्हणायचीस आणि कुणाचं काय वाईट होणार याचा विचार करत बसायचीस. मी चौथीत असताना पत्र्याखालच्या वाशावरून एक पाल थेट माझ्या खांद्यावर पडली. मी किंचाळायच्या आधी तू किंचाळलीस. अंगातल्या कपड्यांसकट माझ्यावर दोन बादल्या पाणी ओतलंस, देवापुढं दिवा लावलास आणि मला ओला तसाच शेजारच्या काकांकडं पिटाळलंस, पंचांगात बघून ये म्हणून. जाताना मागनं ओरडलीस, "उजव्या खांद्यावं का डाव्या? नीट सांग त्येंला!" पडली होती डाव्या. मी उजव्या सांगितलं, कारण उजवं चांगलं असतं एवढं मला ठाऊक होतं. काकांनी लाभ सांगितला. तू खूश होऊन गूळ-खोबरं वाटलंस. तो लाभ अजून व्हायचा आहे असं मी इतकी वर्षं गमतीनं म्हणत आलो, आता वाटतं, झाला.

तर ती आली कशी ते ऐक. उन्हाळ्यात कुलरच्या मोटारी जळतात, तीच आमची सुगी. मागच्या गल्लीत बँकेतल्या एक मॅडम राहायच्या, त्यांच्या कुलरची दुरुस्त केलेली मोटार बसवून द्यायला गेलो तर सगळीकडं खोकी बांधलेली. त्यांची लांब बदली झाली होती. कोपऱ्यात एकच काचेची पेटी उघडी होती, आणि तिच्यात हरभऱ्याच्या डाळीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची, गाजरासारख्या जाड शेपटीची एक बया बसली होती. "घाबरू नका, ती काही करत नाही," मॅडम म्हणाल्या. "मी कुठं घाबरलोय," असं म्हणत मी दोन पावलं मागं सरकलो. तेवढ्यात तिनं माझ्याकडं बघितलं आणि सावकाश डोळे मिटून उघडले. आई, तिला पापण्या आहेत! भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, हे मला बावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी बघितलं नव्हतं. हिच्या पायांना चिकटायच्या गाद्याही नसतात, त्यामुळे ही भिंतीवर चढत नाही, माणसासारखी जमिनीवर चालते. परदेशी जात आहे, जन्मापासून पेटीतच वाढलेली, तिच्या नोंदणीचे कागदही होते. तिघांनी नेतो म्हटलं होतं आणि तिघांच्या घरून नकार आला होता. "बघू, कुणीतरी नेईलच," असं मॅडम म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा आवाज काही खरा वाटला नाही. मी म्हणालो, मी नेतो. विचार वगैरे काही केला नव्हता, तोंडातून निघून गेलं.

पेटी स्कूटरवर पायाशी धरून घरी आणली. तुझ्या सुनेनं दार उघडलं, आत बघितलं, आणि तिच्या अंगात तिचं माहेरचं सगळं खर्डा गाव संचारलं. "घरात पाली काय कमी हायेत का, म्हनून आनखी इकत आनली?"

"इकत न्हाई आणली, फुकट दिली."

"मग तर लईच शहाने! लोकांनी फुकट दिली तर बाभळबी आनाल."

पेटीला आपला पदरसुद्धा लागता कामा नये, असं तिनं बजावलं. पेटी हॉलच्या कोपऱ्यात गेली. मी तिला नाव ठेवलं नाही, नुसतं 'बाई' म्हणतो. मॅडमनी जाताना एक कागद भरून लिहून दिलं होतं: काय द्यायचं, किती द्यायचं, किड्यांवर कॅल्शियमची पावडर कशी भुरभुरायची, आठवड्याला वजन कसं करायचं. वजनाला माझा तांब्याची तार मोजायचा काटा उपयोगी पडला. पहिल्या दिवशी अठ्ठावन्न ग्रॅम भरली आणि मी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. खायला तिला पिवळे जिवंत किडे लागतात. ते पुण्याहून कुरिअरनं येतात आणि गव्हाच्या कोंड्यात गाजराचे तुकडे घालून ठेवायचे असतात. तुझी सून डब्यात डोकावून म्हणाली, "आयुष्यभर गव्हातलं किडं निवडलं, लिंबाचा पाला घातला, उन्हं दाखवली. आता तेच पाळायचं व्हय?" पण बाई तो किडा कसा धरते हे तू बघायला हवंस. आधी शेपटीचं टोक हलतं, मग मान तिरकी होते, आणि झडप! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाळीच वाजवली.

जूनमध्ये एक दिवस ती पिठात लोळल्यासारखी पांढरीफटक दिसायला लागली. मी दुकानाचं शटर ओढलं आणि मॅडमना फोन लावला, बाई चालली म्हणून. त्या हसायला लागल्या. ती कात टाकत होती. मग मी तिथंच फरशीवर बसून सगळं बघितलं. स्वेटरची बाही ओढावी तशी तिनं तोंडानं पायावरची कात ओढून काढली आणि चक्क खाऊन टाकली. एका बोटावर थोडी राहिली होती, ती मी कोमट पाण्यात कापूस बुडवून हळूहळू सोडवली. माझे हात माहीत आहेत ना तुला, तारांनी चिरलेले, राकट. पण जमलं, आणि त्या दिवशी मी आख्ख्या बिल्डिंगला ही बातमी सांगितली, कुणाला हवी असो वा नसो.

आता खरं सांगायचं ते पुढं आहे. आषाढाच्या शेवटच्या रविवारी मटण झालं, तुझ्या सुनेनं भांडी घासून वेगळी बांधून ठेवली, आणि त्याच झपाट्यात मी किड्यांचा डबा उचलून दुकानात नेऊन ठेवला. श्रावण लागणार होता ना! तू गेल्याला एकोणीस वर्षं झाली, पण एकही श्रावण मी मोडलेला नाही. तुझं म्हणून मी एवढंच पाळतो. देवाचं मला फारसं काही समजत नाही, पण श्रावणात आपल्या घरात जीव मारायचा नाही हे हाडात बसलं आहे. मी बाईला सांगितलंसुद्धा, "महिनाभर आपल्यासारखं राहायचं हं." आणि तिच्यापुढं पनीरचा तुकडा ठेवला. मग भिजवलेले मूग. मग उकडलेला बटाटा. सोमवारी तर दोन साबुदाणेही ठेवून बघितले. ती वास घ्यायची, जीभ लावायची आणि गुहेत जाऊन बसायची. मला वाटलं, होईल सवय.

सवय व्हायची नव्हती. आणि ते माझ्या आधी कुणाच्या ध्यानात आलं असेल तर पेटीला पदर लागू न देणाऱ्या तुझ्या सुनेच्या. तिसऱ्या आठवड्यात पूजेची फुलं निवडता निवडता ती म्हणाली, "तिची शेपटी बघितली का? पार वाळली हाय." मी बघितलं. रोज बघत असल्यामुळं मला दिसलंच नव्हतं. गाजराची शेंग झाली होती. ही तिची चरबी शेपटीतच साठवते, आई, तेच तिचं कोठार. काट्यावर ठेवली तर सत्तेचाळीस ग्रॅम. मी पुन्हा मॅडमना फोन केला.

"काय खायला घालताय?" त्यांनी विचारलं.

"पनीर."

त्या म्हणाल्या, "काका, ती पाल आहे." मग एकेक शब्द तोडत म्हणाल्या की किडे सोडून तिला काहीही पचत नाही, आणि आणखी थोडे दिवस असेच गेले तर ती वाचणार नाही.

मला स्वतःची अशी लाज वाटली! बिचारीनं कुठला संकल्प सोडला होता? उपास माझा आणि पोट तिचं. तरीसुद्धा सांगतो, मी लगेच उठलो नाही. आत महादेवाच्या पूजेची तयारी चालली होती, आणि मी सोफ्यावर बसून तुझा विचार करत होतो. तुझा श्रावण मोडायचा की हिला मरू द्यायचं. आणि बसल्या बसल्या मला तो मुदतीचा ताप आठवला. मी सातवीत होतो, ताप उतरला होता पण उभं राहवत नव्हतं, आणि डॉक्टरांनी अंडं द्या म्हणून सांगितलं होतं. श्रावण चालू होता. तू पलीकडच्या आळीतून पदराखाली दोन अंडी आणलीस, घरामागं लिंबाखाली तीन दगड मांडलेस आणि डालड्याच्या जुन्या डब्यात ती उकडायला ठेवलीस. शेजारच्या मावशी कुडावरून डोकावल्या. "अगं बया, श्रावन हाय की!" तू काटकी सारत म्हणालीस, "श्रावन माझा हाय. त्याचा न्हाई." मग सोलून, मीठ लावून, एकेक तुकडा तू माझ्या तोंडात घातलास. मी तोंड फिरवायचो, तू थांबायचीस, मी पुन्हा तोंड उघडायचो. सगळं संपल्यावर तू आंघोळ केलीस आणि पूजेला बसलीस.

मी तुझं ते वाक्य तसंच्या तसं तुझ्या सुनेला सांगितलं. तिनं हातातली फुलं तबकात ठेवली. मग म्हणाली, "पेटी गॅलरीत न्या. आन् झाल्यावं आंघोळ करून मगच आत या." मी दुकानातून किड्यांचा डबा आणला तोवर गॅलरीत पाट तिनंच टाकून दिला.

पण गंमत बघ, आता किडा समोर वळवळत असून बाई तोंड उघडेना. अंगात त्राणच नव्हतं. मॅडमनी फोनवर सांगितलं तसा मी किडा चिरडून त्याचा थेंब तिच्या ओठाला लावला. किड्याचा जीव गेला, माझ्या हातानं गेला, श्रावणात गेला. ते मी लपवत नाही. तिनं जीभ काढून तो थेंब चाटला. पाच मिनिटांनी दुसरा. रोज दिवेलागणीच्या आधी मी गॅलरीत मांडी घालून अर्धा अर्धा तास बसायचो. खाली भाजीवाला ओरडतोय, दुकानातून फोन येतायत, मी आपला एकेक थेंब लावतोय. सहाव्या दिवशी मी चिमट्यात अख्खा किडा धरला. शेपटीचं टोक हललं. मान तिरकी झाली. आणि झडप! मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की तुझी सून हातात घंटी घेऊन तशीच पूजेवरून पळत आली. "खाल्लं? खरंच खाल्लं?" आणि चक्क पेटीवर ओणवी झाली. पदर काचेला लागला होता.

आज गणपती येऊन गेलेत आणि बाई चोपन्न ग्रॅमवर आहे. मघाशी येताना बघून आलो, उबेच्या बाजूला पसरून झोपली होती, पुढचे दोन्ही पाय मागं टाकून.

हे पान तुला पाठवायला पत्ता नाही, वहीतच ठेवीन. पण एक सांगून टाकतो. तुझ्या शेवटच्या महिन्यात तू जेवत नव्हतीस. मी दुकानातून यायचो, मऊ भाताची वाटी तुझ्या उशाशी स्टुलावर ठेवायचो, "खाऊन घे गं" म्हणायचो आणि कामाला निघून जायचो. वाटी भरलेलीच राहायची, मग तुझी सून भरवायची. भरवणं आपल्याला जमत नाही, ते बायकांनाच येतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो आणि मलाही ते खरं वाटायचं. पोटच्या लेकीलासुद्धा मी कधी घास भरवला नाही. बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कुणाला भरवलं, तर ते या पालीला. अवघड काहीच नव्हतं, आई. नुसतं बसून राहायचं होतं.