वादीतला हिरवा ठिपका

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही आता नीट आठवत नाही. एक दिवस मात्र लख्ख आठवतो. गावाचा नकाशा काढायला तुम्ही आमचा वर्ग बाजारापर्यंत नेला होतात आणि मी मासळीबाजारामागच्या गटाराच्या जागी फुलझाडं काढली. तुम्ही पान परत केलंत. "गटार आहे तिथे गटारच काढायचं. शोभा कसली करतेस?"

मी इथे मस्कतला, वादी अदाईत राहते. वादी म्हणजे पाऊस पडला तरच वाहणारी कोरडी नदी. सगळ्यांच्या हातात नुकते स्मार्टफोन आले होते, तेव्हा एका संस्थेने आवाहन केलं की आपल्या भागातलं पाणी, झाडं, किनारा कसा बदलतोय ते लोकांनीच फोनवरून कळवावं, त्याचा नकाशा होईल. मी हौसेने नाव दिलं. आमच्या वस्तीमागे सांडपाण्याचे टँकर सरळ वादीत रिकामे होतात. काळं पाणी, वर पिवळा फेस, काठाची बाभळ वाळून कोळसा झालेली. दर शुक्रवारी तोंडाला ओढणी बांधून मी फोटो पाठवत राहिले.

नकाशा तयार झाल्यावर त्याचा समारंभ हॉटेलात झाला. पडद्यावरच्या नकाशात आमच्या वादीवर हिरवा ठिपका, म्हणजे स्वच्छ, आणि खाली माझं नाव! मी संयोजकांना गाठलं. ते कबाब खात होते. "मॅडम, खर्च टँकरवाल्यांनीच केलाय. पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला." इथल्या आपल्याच मराठी मंडळातले एक गृहस्थ हसले, "वहिनी, मी तर सोफ्यावर बसून ठिपके टाकले. कोण जातंय उन्हात!" त्यांच्या ओठांवरून चटणी ओघळत होती. मला शिसारी आली. इतकी त्या काळ्या पाण्याचीही कधी आली नव्हती.

मी माइक घेतला. म्हणाले, "ही वादी घाण आहे. माझं नाव काढा." कोणी टाळी वाजवली, कोणी माझा फोटो काढला, मग सगळे पुन्हा जेवणाकडे वळले. घरी हे ओरडले, "उद्या व्हिसा गेला म्हणजे?" व्हिसा राहिला. नाव निघालं. ठिपका हिरवाच आहे.

हे पत्र मी कुठे टाकणार, बाई? पण एक सांगायचंय. काल मुलीला घेऊन दार्सैतच्या देवळात निघाले होते. वादीपाशी ती म्हणाली, "मम्मी, कसला स्मेल येतो?" मी गाडीची काच वर केली आणि म्हणाले, "काही नाही गं."