गुलाबी मेणावरचा बेडूक

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझी पाठ, तुझं पित्त आणि तुझा नवा सोफा हे तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. वहिनीच्या तब्येतीची चौकशी करत नाही, कारण तिला आजारी पडायला तुमच्या घरात कुणी सवड दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (‘सगळे’ यात बेडूक धरलेला नाही.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू दर वाक्याला ‘अगं पण ताई’ म्हणतोस आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच, ताज्या कलमांसकट.

आता तू सोपवलेल्या कामाचा वृत्तांत. लेकीला माझ्याकडे पाठवताना तू आवाज खाली घेऊन जे सांगितलंस ते माझ्या नीट ध्यानात होतं. पोरीला मेडिकलला जागा मिळाली आहे, प्रवेश घ्यायची मुदत संपत आली आहे, आणि तुला मात्र ती चष्म्याच्या दुकानात तुझ्या शेजारच्या खुर्चीवर हवी आहे. सरळ ‘जाऊ नकोस’ म्हणायची तुझी छाती होत नाही, कारण मग वहिनी बोलेल. म्हणून तू युक्ती काढलीस. ताईने कॉलेजात बेडूक कापले आहेत, तिने एक पोरीसमोर कापावा, पोरीला किळस यावी, तिने आपणहून ‘नको ते डॉक्टर होणं’ म्हणावं आणि तू प्रेमळ बापासारखा तिच्या डोक्यावरून हात फिरवावास. युक्ती वाईट नव्हती. फक्त किळस कुणाला यायची आहे, हे बेडकाला कुणी कळवलं नव्हतं.

मुळात बेडूक मिळणंच कठीण. आमच्या वेळी कॉलेजच्या मागच्या हौदात हवे तेवढे असत. आता म्हणे संगणकाच्या पडद्यावर कापतात. एकदा बोट दाबलं की बेडूक उघडतो, पुन्हा दाबलं की मिटतो. (असं शिकलेल्या डॉक्टरांनी माझ्या पोटाच्या आसपास फिरकू नये.) शेवटी माझी वर्गमैत्रीण लंबी, जी आता तिथेच प्राणिशास्त्राची विभागप्रमुख आहे, तिच्या कपाटात जुन्या साठ्यातला, फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला एक निघाला. तिने तो कॉफीच्या रिकाम्या बाटलीत घालून दिला. लेबल तसंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे भावोजी डोळे पुरते उघडायच्या आत स्वयंपाकघरात शिरले, त्यांनी झाकण काढून वास घेतला आणि मला येऊन सांगितलं, “या वेळची कॉफी जरा जहाल आणलीयस.”

कापण्यासाठी मेणाचा ट्रे लागतो, म्हणजे टाचण्या रुततात. घरात उथळ आणि धातूचा असा एकच ट्रे होता. तुझ्या भावोजींना निवृत्तीच्या वेळी ऑफिसने दिलेला, मधोमध त्यांचं नाव कोरलेला. इतकी वर्षं तो शोकेसमध्ये नुसता उभा होता, आता प्रथमच त्याला काम मिळालं. दुकानात मेणबत्त्या गुलाबी रंगाच्याच शिल्लक होत्या, त्या वितळवून ओतल्या. मेण थिजल्यावर बेडूक उताणा ठेवला, हातापायांत तिरक्या टाचण्या मारल्या. गुलाबी गादीवर तो असा काही पसरला होता की जणू जेवणानंतर वामकुक्षी घेतो आहे. भावोजींना ट्रे ओळखू यायला बराच वेळ लागला. ओळखू आल्यावर ते म्हणाले, “अगं, माझं नाव त्याच्या पाठीखाली आहे.” मी म्हटलं, “मग त्याला कळणार नाही.”

हे भावोजी तुझे हस्तक आहेत हे मला ठाऊक नव्हतं असं समजू नकोस. तुमचे गॅलरीत दार लावून चाललेले फोन मला ऐकू येतात. ठरल्याप्रमाणे ते खुर्ची ओढून पोरीशेजारी बसले आणि डॉक्टरांच्या हालअपेष्टांचं वर्णन करू लागले. पू, रक्त, रात्रपाळी, मारायला धावून येणारे नातेवाईक. तेवढ्यात वासाची तक्रार घेऊन शेजारचे निवृत्त हेडमास्तर आले आणि मुक्या जिवांवरच्या दयेबद्दल उभ्या उभ्या बोलले. (उभ्या हयातीत पोरांची कातडी सोलून काढलेला माणूस.) बोलून झाल्यावर त्यांनी चहा मागितला आणि पुढच्या बाजूची खुर्ची धरली.

मी चिमट्याने पोटाची कातडी उचलली आणि पहिली चीर दिली. बेडकाची कातडी आतल्या मांसाला आपल्यासारखी चिकटलेली नसते, सैल सदऱ्यासारखी सुटून येते. हे सांगत होते तोच तुझी लेक म्हणाली, “आत्या, कात्रीचं टोक खाली जातंय, आतलं काहीतरी कापलं जाईल.” गेलंच होतं. मी कात्री तिच्या हातात दिली. मग तिने पोटाचा स्नायू मधल्या शिरेला धक्का न लावता बाजूने कापला, छातीचं हाड उघडलं आणि यकृत, पित्ताशय, जठर एकेक वेगळं करून मला नावं विचारत गेली. तोंडात चिमटा घालून तिने जीभ बाहेर काढली. बेडकाची जीभ पुढच्या टोकाला जोडलेली आणि मागे मोकळी असते, हे मी तिला सांगितलं. तिने एकदा भावोजींकडे पाहिलं आणि विचारलं, “दोन्हीकडून मोकळी असं असतं का कुणाचं?” भावोजी त्या वेळी जंतुसंसर्गावर आले होते. तिथेच थांबले.

पण त्यांनी एवढ्यावर राहू नये? त्यांनी बेडकाच्या रुंद छातीकडे बोट दाखवून सांगितलं, “हा नर आहे. बांधाच सांगतो.” हेडमास्तरांनीही मान डोलावली. पोरीने जठर बाजूला सारलं आणि आतून काळ्यापांढऱ्या अंड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे वर आले, ट्रेच्या कडेपर्यंत. खुर्च्यांतल्या या दोघांवर याचा काय परिणाम झाला ते थोडक्यात लिहिते. हेडमास्तर ‘मला एक काम आठवलं’ म्हणून निघाले आणि दार समजून कपाटात शिरले. तुझे भावोजी आधी पांढरे झाले, मग हिरवट, आणि अगदी हळूच, घडी घातल्यासारखे, खुर्चीवरून खाली आले. पोरीने हात पुसले, त्यांचे पाय उशीवर ठेवले, सदऱ्याचं वरचं बटण काढलं, नाडी पाहिली आणि मला म्हणाली, “काही नाही, येतील शुद्धीवर. तोवर मूत्रपिंड बघून घेऊ या का?”

बघितली. चांगली होती.

तेव्हा कामगिरी फसली असं कळवते. किळस आली, पण ती तुझ्या पक्षाला आली. यात मला नवल वाटलं नाही. तू लहानपणी गुडघा खरचटला तरी डोळे मिटून आईला हाका मारायचास, आणि आता पोरीला भीती वाटेल म्हणतोस. तुला भीती रक्ताची नाही आणि बेडकाचीही नाही, शेजारची खुर्ची रिकामी राहील याची आहे. ते मला कळतं. म्हणून तसं तिला तोंडाने सांगायचं होतंस, बेडकाच्या तोंडून नव्हे. असो. बाप तू आहेस, निर्णय तुझा. मी मध्ये पडणारी कोण.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
ताई

ता. क. मुदत काल संपली. प्रवेश आम्ही परवाच घेतला. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, वडील आले नाहीत? मी सांगितलं, दुकानात असतात, प्रकृतीने नाजूक आहेत. सगळी कागदपत्रं वहिनीने पोरीच्या बॅगेत तळाशी, कपड्यांखाली घालून दिली होती. म्हणजे तुझी युक्ती तुला सुचली त्याच दिवशी तिला कळली होती. तिच्यावर आवाज चढवू नकोस. ती इकडे निघून आली तर माझ्याकडे जागा आहे.

आणखी एक. हेच खरं लिहायचं होतं. बेडूक कापताना पोरगी नाक त्याच्या पोटाला टेकेल इतकी वाकत होती. मला वाटलं, काय ही जिज्ञासा. प्रवेशासाठी तिच्या कॉलेजात गेलो तर समोरच्या भिंतीवरची पाटी तिने मला वाचायला लावली. तिला लांबचं दिसत नाही. अख्ख्या गावाला चष्मे लावणाऱ्या माणसाच्या घरात हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तिने तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ‘असल्या डोळ्यांनी कसली डॉक्टर होतेस’ म्हणून तू तिथेच विषय संपवला असतास. तेव्हा तपासायच्या भिंगांची पेटी घेऊन रविवारी ये. तिला वर्गात फळा दिसला पाहिजे, आणि हे काम तुझ्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला येत नाही. येताना चार-सहा फ्रेमा आण. निवडू दे मात्र तिलाच. तुझ्या दुकानात गिऱ्हाइकाला तेवढी मुभा असते.