पाठमोरी सीट

सोमवार, ३ मार्च

लेक येतेय! आठवड्यासाठी, नातीला घेऊन. नात नऊ महिन्यांची झाली आणि मी तिला अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलंय.

आनंदात बडबडत होते, तोच लेक म्हणाली, "आई, गाडीत बाळाची सीट लागेल. नीट बसवलेली. तू सगळं अंदाजाने करतेस. तशी नको. जमणार नसेल तर सांग, आम्ही विमानतळावरून टॅक्सी करू. सीटवाली मिळते."

टॅक्सी! म्हणजे मी दारात उभी राहून वाट बघायची, पाहुण्यांची बघतात तशी? मुळीच नाही. मी आणायला जाणार.

हे म्हणाले, "ही जन्मली तेव्हा हिला आपण दवाखान्यातून तुझ्या मांडीवर आणलं. काही झालं का?"

"झालं नाही, हे आपलं नशीब," मी म्हटलं.

मंगळवार, ४ मार्च

शेजारच्या वहिनींनी माळ्यावरची जुनी सीट काढून दिली. "आठवड्यापुरती नवी कशाला?" मोह झाला. पण उलटी करून पाहिली तर तळावर छापलेली मुदत कधीच संपलेली. शिवाय त्यांची गाडी एकदा ठोकली होती. तेव्हा सीट आत होती का, ते कुणालाच आठवेना. चहा पिऊन परत दिली.

शुक्रवार, ७ मार्च

दुकानात पहिलाच प्रश्न – बाळाचं वजन किती, उंची किती? लेकीला फोन करून विचारावं लागलं. आजी असून माहीत नाही. जरा लागलं मनाला.

सगळ्यात देखणी सीट आमच्या गाडीत मावेचना. शेवटी एक साधी, करडी घेतली. आणि बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला! मी मनात चित्र रंगवलं होतं – आरशात ती मला बघेल, मी तिला. दुकानातली बाई म्हणाली, "जोरात ब्रेक लागला की पुढे तोंड असलेल्या बाळाच्या मानेला हिसका बसतो. पाठमोरं असलं की सीटची पाठ सगळा भार घेते."

पटलं. नाही दिसणार तर नाही दिसणार.

रविवार, ९ मार्च

सीट बसवली! मी सीटमध्ये गुडघा रोवून सगळा भार टाकायचा आणि ह्यांनी पट्टा ओढायचा. वहिनी गॅलरीतून – "सीट बसवताय की कुस्ती खेळताय?" एवढं करून कळलं, पट्टा भलत्याच खाचेतून घातलाय, पुढे तोंड करून बसणाऱ्या मुलांच्या. काढला. पुन्हा कुस्ती. हे घामाघूम – "अगं, विमानातही एवढं बांधत नाहीत!"

पण आता पट्ट्यापाशी धरून हलवली तर जागची हलत नाही. माझा कोपर सोललाय. फार छान वाटतंय.

बुधवार, १२ मार्च

सीट टणक आहे. मी उशा-गाद्या नि सोफ्याची कव्हरं शिवून पोट भरते, आणि माझी नात टणकावर बसणार? उरलेल्या फोमची गुबगुबीत गादी शिवली. वर चिमण्या टाचल्या. अशी दुकानात नाही मिळायची!

गुरुवार, १३ मार्च

लेकीला व्हिडिओवर सीट दाखवली.

"हलव बघू. छान. खांद्याचे पट्टे? हं, बरोबर. – आई, हे काय?"

"गादी. मी शिवली."

"काढ ना ती. सीटबरोबर आलेलं नसेल ते घालायचं नाही."

"अगं, मऊ आहे –"

"मऊ आहे म्हणूनच!"

मी रुसले. जेवताना ह्यांच्याशीही बोलले नाही, त्यांचा काय दोष!

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी एकटीच खाली गेले. टॉवेलांची बाळाएवढी गुंडाळी केली, गादीवर बसवली, पट्टे आवळले. चिमटीत येईनात, इतके घट्ट. मग पट्ट्यांना हात न लावता खालची गादी तेवढी ओढून काढली.

गुंडाळी आणि पट्टा यांच्यामध्ये माझी अख्खी मूठ गेली.

फोम दबतो. हे मला कुणी शिकवायचं! कव्हरं नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मीच तर सांगते – बसल्यावर फोम दबणार, कापड सैल पडणार. आणि गाडी धडकली, फोम दबला, तर तेवढी ती पट्ट्यातून –

नाही लिहीत.

गादी खोलीत जमिनीवर अंथरली, लोळायला. लेकीला कळवलं – काढली, तुझं बरोबर होतं. लगेच उत्तर – "तूच ये न्यायला."

चारदा वाचलं.

रविवार, १६ मार्च

आणलं! विमानतळावर लेकीने आधी सीट गदागदा हलवून पाहिली, मग मला मिठी मारली. नातीला बांधलं, पट्टा चिमटीत धरून पाहिला. "बरी बसवलीय." तिच्या तोंडून एवढं म्हणजे खूप!

नात पहिल्या सिग्नलपर्यंत रडली. लेक मागे तिच्याजवळ बसली होती. मी अशी चालवत होते की शेवटी तीच म्हणाली, "आई, चालवतेयस की ढकलतेयस?" मग मागून काहीच आवाज येईना. दोघी झोपल्या होत्या. लेक किती वाळलीय.

गुरुवार, २० मार्च

नातीने माझा चष्मा मोडला. तिला दोन दात आहेत. लिहायला वेळ नाही.

रविवार, २३ मार्च

आज परतीचा दिवस. हे सकाळीच म्हणाले, "विमानतळावर सोडून आलो की सीट काढून ठेवतो, धूळ नको." लेक बाळाचे कपडे घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, सीट नका काढू. मी जायचं तिकीट काढलंच नव्हतं."

मी तिच्या हातातले कपडे घेतले आणि कपाटात लावले.