चूक म्हणणार नाही

प्रिय ताई,

आईच्या तोंडी तू धाडलेला निरोप मिळाला. तू स्त्रीविभागात खाटेवर, मी दोन मजले खाली भूल देण्याच्या कामावर, आणि बोलायला मध्ये आई हवी. छान चाललंय आपलं! दोन्ही लेकी डॉक्टर झाल्या आणि दोघींची तोंडं दोन दिशांना, असं ती ऐकवत असते.

म्हणून सरळच लिहिते. बाबा परांचीवरून पडले त्या दुपारची मला लाज वाटत नाही. प्लीहा फुटून पोटात रक्त साचत होतं. तू एवढी सर्जन, पण त्या वेळी नुसती मुलगी झाली होतीस. पडद्यावरचा रक्तदाब बघून म्हणालीस, "आणखी एक पिशवी लाव, ते चाललेत." मी सलाईनच्या नळीवरचं चाक जवळजवळ बंद केलं आणि सगळ्यांसमोर तुझा हात बाजूला सारला. नाडी मनगटाला लागत होती. बाबा मला ओळखत होते, परांची बांधणाऱ्याला शिव्या घालत होते. रक्तस्राव थांबवेपर्यंत मला तेवढा दाब पुरे होता. तो वर चढवला असता तर जेमतेम धरलेली गुठळी सुटली असती. मी रक्त मागवलं, प्लाझ्मा मागवला आणि त्यांना टेबलावर घेतलं.

आकडा पडला की सलाईन सोडा, हे कॉलेजातल्या आपल्या सरांनी तुझ्या हाडीमाशी खिळवलंय. पण रंगात पाणी फार झालं की तो भिंतीवर धरत नाही, हे रंगारी बाबांनीच आपल्याला दाखवलं होतं. रक्ताचंही तसंच, पातळ झालं की गुठळी धरत नाही. शिवाय नुसत्या खारट पाण्याच्या माऱ्याने आधीच बिथरलेलं शरीर आणखी भडकतं, सुजतं, फुप्फुसांत पाणी भरतं. बाबांच्या भरलं. ऑपरेशन नीट झालं आणि माणूस पुढे अतिदक्षता विभागात दगावला.

मग धाकटीने सलाईन तोडलं म्हणून बाबा गेले, असं तू सांगत सुटलीस. मावशीने माझ्याशी बोलणं टाकलं, तरी मी गप्प बसले. पहिल्या दवाखान्यातून इथे येईपर्यंत अँब्युलन्समध्ये पिशव्या हाताने पिळत कोण बसलं होतं, ते तुला ठाऊक आहे आणि मला. त्यानेच बाबा गेले असं मी म्हणत नाही. कदाचित काहीही केलं असतं तरी गेले असते. तू शिकलीस ते जीव तोडून केलंस. पण तुझं ओझं हलकं व्हावं म्हणून मी माझ्या बरोबर कामाला चूक म्हणणार नाही.

आता तुझी अट. बाळाची वार गर्भाशयाच्या तोंडावर आलीय, उद्याच्या सिझेरियनमध्ये रक्त जाऊ शकतं, हे तुला वेगळं सांगायला नको. बाबांच्या वेळी चुकले असं कबूल कर, तरच माझ्या उशाशी उभी राहा, असा तुझा निरोप. नाही करणार कबूल. बाहेर बाकावर बसेन, पण नाही. तुझ्या गटाचं रक्त मात्र मी आजच राखून ठेवायला लावलंय. अट सोडून बोलावलंस तर धावत येईन, पण माझ्याच पद्धतीने काम करेन: बाळ पोटात असेपर्यंत दाब सांभाळेन, आणि रक्त वाहू लागलं तर आधी रक्तच देईन, तू टेबलावरून कितीही भांडलीस तरी. बाबांना वाचवता आलं नाही. तुला जाऊ देणार नाही, मग जन्मभर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

तुझीच,
मिरची