अपत्ये : निरंक

१२ जानेवारी, रविवार

लेकरांना घेऊन सकाळीच जनुना तलावावर गेलो. हिमानीने लाल रिबन लावून घेतली. दीपूने बूट उलटे घातले, ते तसेच राहू दिले, निघायची घाई होती. बोरे खाल्ली, पाण्यात दगड टाकले. दुपारी दोनपासून दीपूचे सुरू झाले — घरी चला, आईपाशी चला. चार वर्षांचे पोर ते, त्याला किती समजावणार? अजून एक दगड, अजून एक बगळा, असे करत साडेचारपर्यंत ओढले. हिमानी सात वर्षांची, तिने खडे मांडून दुकान केले आणि त्याला गिऱ्हाईक केले. गुणाची पोर.

मग घरून त्यांच्या आजीचा, रुख्मिणीचा, फोन आला : "गेले पाव्हने. आना आता लेकरायले."

१३ जानेवारी

कालचे अर्धे लिहिले. उरलेले लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही.

लेकरांचा बाप चंद्रशेखर जाऊन दोन वर्षे झाली. कावीळ अंगावर काढली माझ्या पोराने. मनाली सत्तावीसची. सून म्हणून आली, पण लेकीच्या जागी राहिली. तिच्या माहेरी कोणी उरले नाही. रुख्मिणीने आणि मी ठरवले, हिचे दुसरे लग्न लावून द्यायचे. आम्ही दोघे असे किती पुरणार? समाजाच्या परिचय मेळाव्याचा फॉर्म आणला.

गल्लीतले सगळे फॉर्म मीच भरतो. रेशनचे, निराधारचे, शाळेचे. शाळेचे तोंड मी पाहिले नाही. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवरचे मार्के पाहून अक्षर ओळखायला लागलो, पुढचे विहारात येणाऱ्या पेपरवर शिकलो. म्हणून फॉर्म हातात आला की छाती थोडी फुगते. रकाना मोकळा सोडायचा नाही, ही माझी शिस्त.

'अपत्ये' हा रकाना आला. मागच्या साली मेळाव्याची पुस्तिका पाहिली होती. ज्या बायांपुढे एक, दोन असे आकडे, त्यांना कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, लेकरे तर आपणच वाढवणार. चंद्रशेखरच्या मागे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चार माणसांत मी बोललोच होतो, की ही दोन आजपासून माझी. मग तिच्या नावापुढे कशाला? कचेरीत लिहितात तसा शब्द लिहिला — निरंक. म्हणजे काही नाही.

हात अडखळलासुद्धा नाही!

पुस्तिका छापून आली तेव्हा मनालीने वाचले. पान उघडे ठेवून माझ्यासमोर बसली. म्हणाली, "माहे दोन्ही लेकरं एका शब्दात पुसले बाबा तुमी." दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी वडनेर भोलजीहून स्थळ आले. शुद्धोधन नाव, मलकापूरला एसटीत मेकॅनिक. बायको गेलेली, मूलबाळ नाही. मी म्हटले, लग्न होऊ दे, मग सावकाश सांगू. तिने विचारले, "मंग म्हंजे कवा?"

मी उत्तर दिले नाही. तिने पुन्हा विचारले नाही. त्यालाच मी होकार समजलो.

१९ जानेवारी

चौकशीला त्यांचा एक नातेवाईक येऊन गेला. लेकरांचे सांगू नका म्हणून मी आधीच गल्लीत घरोघरी हात जोडून आलो होतो. कोणी मोडता घातला नाही. मनालीचे बरे व्हावे असे सगळ्यांनाच वाटते. शेजारच्या बेबीताईने लेकरे आपली नातवंडे म्हणून सांगायचे कबूल केले. "मले तं फुकटात दोन नातवंडं भेटले, पुंजाजीभाऊ. पन पाप तुमच्या डोक्यावर बरं का." हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते.

भिंतीवरचे लेकरांचे फोटो तर रुख्मिणीने पाहुणे पहिल्यांदा येण्याआधीच काढून पेटीत ठेवले होते.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. हिमानीचा नाच होता. मनाली गेली नाही. तिथे एक बाई वडनेरच्या आहेत म्हणे. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. पोर नाचताना सारखी माझ्या मागे पाहत होती.

९ फेब्रुवारी, रविवार

शुद्धोधन आणि त्याची आई जनकाबाई दुसऱ्यांदा आले. मी लेकरांना घेऊन बाजारात. कचोरी घेऊन दिली, चांदीच्या दुकानांच्या काचा दाखवल्या, मग विहाराच्या ओट्यावर बसलो. दीपू मांडीवर झोपला. हिमानी म्हणाली, "आबा, आज कोन येनार हाये?"

कोणी नाही म्हटले.

"मंग काऊन फिरून राह्यलो आपन?"

तिला पेप्सीची कांडी घेऊन दिली. तिने ती खाल्ली नाही, हातातच वितळू दिली.

घरी आल्यावर रुख्मिणीने सांगितले. सकाळी निघण्याआधी हिमानीने आपले दप्तर आपणहून ज्वारीच्या कोठीमागे सरकवले होते. दीपूची खेळण्यातली जीप आणि दोघांच्या चपला बेबीताईच्या दारात नेऊन ठेवल्या होत्या. मागच्या वेळी आजीला करताना पाहिले असेल. रुख्मिणी सांगत होती आणि पदराने तोंड पुसत होती. मी म्हटले, पोर हुशार आहे. दुसरे काय म्हणणार होतो?

पाहुणा मात्र माणूस चांगला. रुख्मिणीचा मिक्सर बंद पडला होता, चहा होईपर्यंत उघडून नीट करून दिला. मनाली त्याच्याशी बोलताना एकदा हसली म्हणे. दोन वर्षांनी.

१६ फेब्रुवारी

दीपूला आता फिरायला नको असते. बूट दाखवले की रडतो. गल्लीतल्या बाया म्हणतात, असे कसे पोर, फिरायला नेतो म्हटले तर भोकाड पसरते!

२ मार्च, रविवार

आजचे लिहावेसे वाटत नाही. तरी लिहितो.

शुद्धोधन आज जेवायला येणार होता, तारीख धरायची होती. मोटारसायकलवर येतो म्हणाला होता. म्हणून मी लेकरांना रेल्वेगाडीत बसवले. खामगाव ते जळंब, आणि त्याच गाडीने परत. एवढीशी गाडी, एवढासा रस्ता. दीपूसुद्धा खूश झाला, खिडकीला नाक लावून बसला. जळंबला मोठ्या लाईनीवरची माणसे आमच्या गाडीत चढली. मी काही कोणाकडे पाहिले नाही.

खामगावला उतरलो तर फलाटावर मनाली उभी. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ती कामाला आहे, रविवारी अर्धा दिवस. मला वाटले, लेकरांना न्यायला आली. तेवढ्यात पुढच्या डब्यातून शुद्धोधन उतरला. मोटारसायकल बिघडली म्हणून गाडीने आला होता. तिला फोनवर कळवले होते. ती त्याला घ्यायला आली होती. मला कळणार कसे? माझा फोन घरी चार्जिंगला.

दीपूने आईला पाहिले आणि माझे बोट सोडले. पळाला. तोंड उघडले होते त्याने. हिमानीने मागून त्याची कॉलर धरली, त्याला आपल्याजवळ ओढले, आणि मोठ्याने म्हणाली,

"जयभीम, काकू."

शुद्धोधनने कौतुकाने विचारले, कोणाची गं तुम्ही? तर तीच म्हणाली, "बेबीआजीची. आबा आमाले गाडी दाखवाले घेऊन आले." एक अक्षर चुकले नाही. मनालीचा हात दीपूच्या डोक्यापर्यंत आला होता. तो तिने मागे घेतला. दीपू रडायला लागला. भूक लागली असेल, असे म्हणून शुद्धोधनने पिशवीतला बिस्किटांचा पुडा त्याच्या हातात दिला.

ते दोघे पुढे चालत गेले. मी लेकरांना घेऊन बाकावर बसलो. हिमानीला विचारले, हे तुला कोणी शिकवले?

"कोनीच नाई," म्हणाली. "आबा, मी बरोबर बोलली ना?"

५ मार्च

तीन दिवस मनाली कोणाशी बोलली नाही. लेकरांशीही नाही. आज पीठ मळता मळता हात थांबवून म्हणाली, "तिनं मले काकू म्हनलं तवा मले बरं वाटलं, बाबा. वाचलो असं वाटलं. मी कोनती माय हाओ मंग?"

रुख्मिणीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. मला म्हणाली, "तुमी जाऊन सांगा. नाई तं मी सांगतो."

चूक मी केली. म्हटले, मीच जातो.

९ मार्च, रविवार

एकटा वडनेरला गेलो. लेकरे घरीच राहिली. निघताना दीपूने विचारले, आज मी नाही? नाही म्हटल्यावर उड्या मारत आत पळाला.

जनकाबाईने चहा ठेवला. शुद्धोधनला बाहेर बोलावले. गोल गोल बोलता येत नाही मला. लेकरांचा फोटो खिशातून काढून त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, हे तर बेबीआजीचे. मी मान हलवली. सगळे सांगितले. मेळावा, रकाना, निरंक, तलाव, बाजार, गाडी. तो फोटो पाहत राहिला. आवाज चढवला असता तर मला सोपे गेले असते.

"पयले सांगतलं असतं तं मी हो म्हनलं असतं, बाबा. मले लेकरं आवडतात. पन आता तुमचं कोनतं खरं धरू मी? मनालीचं कोनतं धरू?"

मी म्हटले, तिचा दोष नाही, लिहिणारा हात माझा. पाया पडायला वाकलो, तर त्याने मला दोन्ही हातांनी धरून सरळ उभे केले. मग शेजाऱ्याची मोटारसायकल आणून मला स्टँडवर सोडले. एसटी लागली तेव्हा एवढेच म्हणाला, "सात वर्साची पोरगी. किती पक्कं बोलली हो ती."

खिडकीजवळ जागा मिळाली होती. नांदुरा कधी मागे गेले, कळले नाही.

११ मार्च

जनकाबाईचा निरोप आला. नाही म्हणतात.

१२ मार्च

मनालीने पेटीतून फोटो काढले, पुसले, परत भिंतीवर लावले. जेवताना दीपूला भरवले. सगळे पूर्वीसारखे करते आहे. माझ्या ताटात भाकरी वाढते, पाणी ठेवते, बाबा म्हणते. फक्त माझ्याकडे पाहत नाही.

१५ मार्च

संध्याकाळी मनालीने दोघांना मांडीवर घेतले. म्हणाली, आता कुठे जायचे नाही, कोणी येणार नाही, मला आई म्हणा. दीपू लगेच गळ्यात पडला. हिमानी उठली. दारात जाऊन गल्लीत दोन्हीकडे पाहिले, दार लोटले, टाचा उंच करून कडी लावली. मग जवळ येऊन तिच्या कानात म्हणाली — आई.