चाळीस घरांची टाकी

३ फेब्रुवारी १९९७

लेआउटच्या सांडपाणी प्लान्टवर सगळ्यांची तब्येत विचारून आलो. जाळीचं चेंबर — बरं आहे, स्वल्प तुंबलंय. टाकीत हवा फुंकणारा ब्लोअर — खोकतो. या वयात मीही खोकतो. हवेची टाकी — ठणठणीत, रंग चहासारखा. शेण आणि गूळ घालून दोन महिने पोसलेले तिच्यातले जंतू चाळीस घरांची घाण खातात आणि कुरकुरत नाहीत. आमच्या लेआउटात एवढेच समजूतदार.

पंचवीस तारखेला कार्पोरेशनचा माणूस पाण्याचा नमुना नेणार. नापास झालो तर प्लान्ट बंद, आणि सांडपाणी पुन्हा मालनबाईंच्या विहिरीशेजारच्या नाल्यात. मागच्या वर्षी त्यांची दोन्ही नातवंडं काविळीनं पिवळी पडली होती.

८ फेब्रुवारी

उद्या उद्घाटन. पाणी दोन महिने वाहतंय, पण नगरसेवकांनी फीत कापल्याशिवाय ते वाहतंय असं धरत नाहीत. सेक्रेटरी नरसिंह हारांची लांबी मोजतायत. विचारलं, "विठोजीअण्णा, वास येणार नाही ना?" म्हटलं, तुमच्या भाषणाची हमी मी कशी देऊ?

९ फेब्रुवारी

टाकी दुधासारखी पांढरी. काल संध्याकाळी घरोघरी मोऱ्यांत फिनेल ओतलं म्हणे — पाहुणे येणार ना! जंतू सगळे गेले. नगरसेवक खूश. "आस्पत्रेसारखा स्वच्छ वास येतोय," म्हणाले.

सभेत विचारलं, हे कुणाचं डोकं? नरसिंह उठले. "मीच सांगितलं, अण्णा. चुकलं." मी कुठला सोडतोय. म्हटलं, खुर्ची रिकामी करा, तिच्यावर शेणाची टोपली ठेवू, ती जास्त कामाची. बाकीचे चपला बघत बसले. त्यांनी तिथंच राजीनामा लिहिला.

१२ फेब्रुवारी

पुन्हा शेण, पुन्हा गूळ. माजी सेक्रेटरी रोज सकाळी गवळ्याकडून स्कूटरवर टोपली बांधून आणतात, अंगात इस्त्रीचा शर्ट. प्रायश्चित्ताला पोशाख शोभतो, असं त्यांना ऐकू जाईल इतपत बोललो. "सरी अण्णा, बरं," म्हणाले आणि टोपली उपडी केली.

प्रेमा घरी रागावली. "माणसाला किती बोलायचं ते?" आमच्या बायकोला दुसऱ्यांच्या नवऱ्यांची फार दया.

२० फेब्रुवारी

फेस बसला. चहा पुन्हा उकळू लागलाय.

२५ फेब्रुवारी

नमुना नेला. माणूस नाकाला रुमाल लावून आला, जाताना खिशात घालून गेला.

४ मार्च

रिपोर्ट आला. पास. मालनबाईंनी हातावर साखर ठेवली. "नरसिंहांनाही द्यायची हं." म्हटलं, त्यांना फिनेल जास्त आवडतं. मालनबाई हसल्या नाहीत.

५ मार्च

प्रेमानं आज सांगितलं. हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून तिनंच फिनेलच्या बाटल्या वाटल्या होत्या, आणि बायकांना बजावलं होतं: "शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी एकदम ओता. उद्घाटनाला वास आला तर आमच्या ह्यांना लोक हसतील." वीणाबाई — नरसिंहांची बायको — पहिली बाटली त्यांनाच. सभेत ठाऊक नसलेला माणूस मी एकटा.

चिठ्ठी पाठवली: "नरसिंहअण्णा, खुर्ची तुमची आहे. तुमच्या दारापर्यंत दोनदा आलो, बेल वाजवायचा धीर झाला नाही. उत्तर लवकर द्या."